पंक्चर काढलं, हवा थांबली. पण टायर आतून कुणी बघितला?

रानवाटा

गेल्या महिन्यात माझ्या मोटारसायकलच्या मागच्या टायरात खिळा घुसला. टायर ट्यूबलेस, रेडियल, निम्माही झिजलेला नाही. पंक्चर काढणाऱ्याने चाक गाडीवरच ठेवून खिळा उपटला, कानस फिरवली, चिकट दोरी आत ढकलली, वरचं टोक कापलं आणि हवा भरून दिली. जेमतेम पाच मिनिटांचं काम. साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. मी निर्धास्त झालो.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी गाडी काढताना मागचं चाक वळणावर जड वाटलं. गेजवर हवेचा दाब ३३ऐवजी २५ पीएसआय. पुन्हा ३३ भरली, दुसऱ्या दिवशी ३०. म्हणजे हळूहळू गळती चालूच होती. या वेळी मी हट्टाने टायर रिमवरून उतरवायला लावला आणि टॉर्च घेऊन आत बघितलं.

जे दिसलं ते सांगण्यासाठीच हा धागा काढतोय. खिळा सरळ नाही, तिरका घुसला होता. बाहेरून भोक खाचेच्या मधोमध, एकदम बिनधोक जागी. आत मात्र त्याचं टोक टायरच्या बाजूकडे निघालं होतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याने आतल्या अस्तरावर ओरखडा काढला होता. चार बोटं लांब, नख अडकेल इतका खोल. दोरीचं आत लोंबणारं टोक एका बाजूने अर्ध्यापर्यंत कापलं गेलं होतं. भोकाच्या कडेला टायरच्या पोलादी तारेचं तुटकं टोक उभं होतं, तेच त्याला घासत होतं. आणि टायरच्या तळाशी चिमूटभर काळा भुगा. हा भुगा कुठून आला ते मला नंतर कळलं: खिळा लागल्यावर हवा कमी असतानाच मी दोन-तीन किलोमीटर गाडी चालवली होती, त्यात बाजूच्या भिंती आतून चिरडल्या.

टायर टाकून दिला. त्या अकरा दिवसांत मी मागे माणूस बसवून महामार्गावरून दोनदा गेलो होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. पंक्चरचा विषय निघाला की आपण एवढंच विचारतो, हवा थांबली का? माझं म्हणणं, विचारायचं ते हे की आतून बघितलं का? तुमचे अनुभव सांगा. दोरीचा प्लग किती दिवस ठेवता? आतून पॅच मारून घेता का?

लांबचा_पल्ला

तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच, पण दोरीच्या प्लगला सरसकट दोष देऊ नका. मी तीन टायर प्लगसकट शेवटपर्यंत वापरले. त्यातल्या एकात दोन प्लग होते. एकानेही दगा दिला नाही. घरापासून शंभर किलोमीटरवर संध्याकाळी चाक बसलं की टायर उतरवणारा माणूस कुठून आणणार? तिथे हीच दोरी घरी पोचवते.

पण प्लग लावायची रीत असते आणि ती बहुतेकांना घाईत सुचत नाही. सगळ्यात पहिलं म्हणजे, सामान हाताशी नसेल तर खिळा उपटू नका. खिळा स्वतःच बुचासारखा बसलेला असतो, हवा हळू जाते. उपटलात की दहा सेकंदांत चाक सपाट. दोरी टोच्याच्या नेढ्यात ओवून, सोल्यूशन उघडून, सगळं तयार करून मग पक्कड लावा. खिळा बाहेर येताना कुठल्या कोनातून येतो ते नीट बघा, कारण कानस आणि टोचा त्याच कोनातून आत जायला हवेत. सरळ दाबलात तर टायरात दुसरी वाट तयार होते आणि पहिली तशीच राहते.

पिळाची कानस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत आत न्या आणि बाहेर काढतानाही तशीच फिरवा, उलटी नको. चार-पाच वेळा आत-बाहेर झाली की कडा खरखरीत होतात, तुटक्या तारांची टोकंही बोथट होतात. रानवाटा, तुमच्या टायरात ही पायरी नीट झालेली दिसत नाही, नाहीतर ती तार तशी उभी राहिली नसती. मग दोरीला सोल्यूशन चोळून टोचा आत दाबा, दोन्ही टोकं बोटाच्या एका पेराएवढी बाहेर राहतील इतपत. तिथून टोचा न पिळता एका झटक्यात बाहेर ओढा. उरलेली टोकं अगदी पृष्ठभागाबरोबर कापू नका, दोन-तीन मिलिमीटर ठेवा. रस्त्यावर घासून ती आपोआप सपाट होतात.

रानवाटा

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. रस्त्यावर प्लग लावायला माझा विरोध नाहीच. माझ्या डिकीत आता तोच संच आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. घरी पोचल्यावर टायर उतरवून बघायचा की विसरून जायचं? तुम्ही ज्या तीन टायरांचं सांगितलंत, त्यातला एक तरी आतून बघितला होता का?

लांबचा_पल्ला

नाही. खरं सांगायचं तर कधीच नाही. हवा जात नव्हती म्हणून गरज वाटली नाही.

कानस_आणि_सोल्यूशन

मी बावीस वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

दोरी भोकात फुगून अडकून बसते. चिकट रबरात भिजवलेली असल्यामुळे ती कडांना धरते, गाडी चालून टायर तापला की आणखी घट्ट बसते. पण आतलं अस्तर ती बंद करत नाही. ट्यूबलेस टायरात हवा धरून ठेवायचं काम या पातळ अस्तराचं असतं, हाच त्याचा ट्यूबसारखा भाग. दोरीच्या बाजूने अगदी बारीक वाट राहिली तरी हवा अस्तराच्या मागे, धाग्यांच्या थरांत शिरते. बाहेरून बुडबुडा दिसणार नाही, पण थर एकमेकांपासून सुटायला लागतात. आणि बाहेरून पावसाचं पाणी त्याच वाटेने पोलादी तारांपर्यंत जातं. तार गंजली की रबर तिला धरत नाही. हे सगळं महिनोन्महिने मुकाट चालतं.

म्हणून पक्कं काम म्हणजे आतून. मशरूम पॅच मिळतो, छत्रीसारखा: दांडा भोकात जाऊन पाणी अडवतो, छत्री अस्तरावर बसून हवा अडवते. दोन्ही कामं एका तुकड्यात. नुसता आतून पॅच मारला आणि भोक मोकळं ठेवलं तर पाणी शिरणारच, तेही अपुरंच काम.

हे करताना मी बघतो की सगळ्यात जास्त चूक सोल्यूशनमध्ये होते. आधी भोकाभोवतीचं अस्तर साफ करायचं. टायर साच्यातून सुटावा म्हणून लावलेला मेणचट थर तिथे असतो, तो निघाल्याशिवाय काहीही चिकटत नाही. त्यासाठी पेट्रोल वापरू नका, ते वाळल्यावर तेलकट अंश मागे ठेवतं. पॅचच्या आकारापेक्षा बोटभर जास्त जागा घासून घ्यायची, मखमलीसारखी दिसेपर्यंत. चकाकी राहिली म्हणजे घासणं कमी, धागे दिसायला लागले म्हणजे जास्त, आणि धागे दिसले तर तो टायर गेला. भुगा झटकायचा, तोंडाने फुंकायचा नाही, फुंकरीत ओल असते. मग सोल्यूशनचा पातळ थर, आणि थांबायचं.

हे थांबणंच लोकांना जमत नाही. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबला की आतला द्राव अडकून राहतो, पॅच दोन दिवस धरतो आणि तिसऱ्या दिवशी कडेने उचलतो. बोटाची मागची बाजू लावून बघायची: चिकट लागलं पाहिजे पण बोटाला काही यायला नको. दमट हवेत वेळ जास्त लागतो. मग पॅचचा कागद काढायचा, रंगीत बाजूला बोट लावायचं नाही, मधून कडेकडे असा दातेरी रोलर जोर देऊन फिरवायचा म्हणजे हवेचा फुगा अडकत नाही. त्या रंगीत थरात आणि सोल्यूशनमध्ये मिळून जे होतं तो नुसता गोंद नव्हे. गंधकामुळे रबराच्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात, व्हल्कनायझेशन म्हणतात ते. चार्ल्स गुडइयरना ते १८३९मध्ये उष्णतेने साधलं, इथे तेच भट्टीशिवाय, हळूहळू होतं. म्हणून नीट मारलेला पॅच उपटायला गेलात तर सोबत अस्तरही फाटतं. पॅच स्वच्छ सुटून आला तर समजा तो कधी धरलाच नव्हता.

आणि कशाला हात लावत नाही तेही सांगतो. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, बाजूच्या भिंतीत किंवा खांद्यावर (रस्त्याला टेकणारा भाग संपून भिंत सुरू होते तिथे) असेल, चीर असेल, तर मी काम घेत नाही. बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते-सरळ होते, तिथे कुठलंही ठिगळ टिकत नाही. फार तिरकं भोक असेल तर एकसंध मशरूमही चालत नाही, कारण वाकलेला दांडा छत्रीला एका बाजूने उचलतो. तिथे दांडा वेगळा आणि पॅच वेगळा लावावा लागतो. साधारण २५ अंशांच्या पुढे तिरका असेल तर हेच. आणि चिमूटभर भुगा दिसला की मी टायर बाजूला ठेवतो, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी. रानवाटा, तुमचा टायर टाकलात ते योग्यच केलंत.

नवखी_रायडर

किती छान समजावलंत! माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या गाडीची चाकं तारांची आहेत आणि आत ट्यूब आहे. मला एकाने दोरीचा संच घेऊन दिलाय. तो चालेल का?

दोन_चाकं

नाही चालणार, आणि उलट नुकसान होईल. दोरी टायरातून आत जाऊन ट्यूबला टोचेल, हवा तर थांबणार नाहीच. बऱ्याच तारांच्या चाकांत आऱ्यांची भोकं थेट रिममधून आत जातात, त्यामुळे रिम स्वतः हवा धरूच शकत नाही. ट्यूबवाल्यांना चाक काढणं भाग आहे. संचात दोन टायर लिव्हर (टायरची कड रिमवरून उचलायच्या पट्ट्या), पॅच, सोल्यूशन, खरखरीत कागद, पंप आणि धुरा सैल करायचा पाना हवा. पाना तुमच्याच धुऱ्याच्या नटाला बसतो का, ते आज घरी बघा. मला रस्त्यावर कळलं होतं.

मी एकदा एकाच दिवसात तीनदा तीच ट्यूब काढली. पहिल्यांदा काटा सापडला, काढला, ठिगळ मारलं. वीस किलोमीटरवर परत बसली. दुसऱ्यांदा वाटलं ठिगळ नीट बसलं नाही, नवं मारलं. परत बसली. तिसऱ्यांदा टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला तेव्हा तो एका जागी अडकला. केसाएवढी बारीक तार, आतल्या बाजूला दोन मिलिमीटर आलेली, बोटाला लागत नव्हती. पक्कडीने ओढून काढली. त्या दिवसापासून मी ट्यूब काढली की वॉल्व्हची जागा टायरवर खडूने लिहून ठेवतो. ट्यूबमधलं भोक सापडलं की वॉल्व्हपासून त्याचं अंतर मोजायचं आणि टायरात तेवढ्याच अंतरावर शोधायचं, वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना, कारण ट्यूब उलटी झाली असेल तर दिशा फसवते. रानवाटांचा मुद्दा ट्यूबलाही तितकाच लागू आहे: ठिगळ ट्यूबला मारतो, पण गुन्हेगार टायरात बसलेला असतो.

दोन भोकं शेजारी-शेजारी, सापाने दंश केल्यासारखी दिसली तर खिळा शोधू नका. ते कमी हवेत खड्ड्यात आदळून ट्यूब रिमवर चिमटली गेल्याचं लक्षण, किंवा टायर बसवताना लिव्हरने चावल्याचं. ट्यूबवर साच्याची उंच रेघ असते, ती पॅचखाली येत असेल तर आधी घासून सपाट करायची, नाहीतर हवा तिच्या कडेने सटकते. वॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर ठिगळाचा नाद सोडा, ट्यूब बदला.

नवखी_रायडर

वॉल्व्हच्या बुडाशी फाटतं कसं पण?

दोन_चाकं

हवा कमी असली की जोरात ब्रेक लावताना टायर रिमवर थोडा सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो, वॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. म्हणून वॉल्व्हवरचा नट रिमला घट्ट आवळून ठेवू नये, टोपीकडे सरकवून ठेवावा. मग टायर सरकला तर वॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि फाटायच्या आधी कळतं. ट्यूब घालताना टायरात शंखजिऱ्याची पूड फासा, म्हणजे ट्यूब टायरला चिकटून घड्या पडत नाहीत. आणि आधी ट्यूबमध्ये गोल होईल इतपत थोडी हवा भरून मगच आत घाला.

उतार_चढ

पुढच्या टायरबद्दल कुणी बोललंच नाही. मला पुढच्यात मधोमध अगदी बारीक खिळा मिळाला. तीन मिलिमीटरही नसेल. मशरूम मारून चालवू का?

रानवाटा

जागा आणि आकार बघता नियमात बसतं. पण मी नाही चालवणार. मागच्या चाकाची हवा गेली तर गाडी शेपूट हलवते, सरळ धरून हळू थांबता येतं. पुढच्याची एकदम गेली तर हॅंडल हातात राहत नाही. वळणावर असाल तर सावरायला वेळच मिळत नाही.

लांबचा_पल्ला

इथे मी रानवाटांशी पूर्ण सहमत. पुढचा टायर प्लग करून फक्त घरापर्यंत आणावा, तोही हळू.

जाता जाता, चालताना हवा गेल्याचं जाणवलं तर काय करावं तेही लिहितो, कारण घाबरून सगळे आधी ब्रेक दाबतात. हॅंडल दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलेटर हळू सोडा, गाडीला आपसूक मंदावू द्या. ब्रेक लावायचाच तर ज्या चाकात हवा आहे त्याचा, आणि हलका. बसलेल्या चाकाचा ब्रेक दाबला तर टायरची कड रिमवरून सुटू शकते. पूर्ण थांबेपर्यंत रस्त्याच्या कडेला घाईने वळू नका.

उतार_चढ

समजलं. टायर बदलतो. अजून एक, बाटलीतलं सीलंट आधीच भरून ठेवलं तर हे सगळं टळेल ना?

कानस_आणि_सोल्यूशन

बारीक काट्याला ते उपयोगी पडतं, हे मान्य. पण माझ्याकडे असा टायर येतो तेव्हा आत सगळीकडे चिकट चिखल असतो, तो धुऊन कोरडा केल्याशिवाय पॅच धरत नाही. दुसरं म्हणजे आत खिळा लागलाय हे तुम्हाला कळतच नाही. सीलंट भोक बुजवतं, खिळा तसाच फिरत राहतो, पाणी जात राहतं. काही जण दोन-दोन वर्षं उघडत नाहीत. वापरायचंच असेल तर वापरा, पण टायर बदलेपर्यंत बघायचंच नाही असं करू नका.

दोन_चाकं

छोट्या गॅसच्या नळकांड्यांबद्दलही एक सावधगिरी. १६ ग्रॅमच्या एका नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, तो मोकळा झाला की साधारण ९ लिटर होतो. मागच्या टायरला एकात भागत नाही, दोन-तीन लागतात. भरताना नळकांडं बर्फासारखं गार पडतं, उघड्या हाताने धरू नका. हा गॅस रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून पोचल्यावर सोडून साधी हवा भरून घ्या. मी आता छोटा विजेवर चालणारा पंप ठेवतो, गाडीच्या बॅटरीला जोडायचा. वेळ लागतो, पण संपत नाही.

नवखी_रायडर

काल मी पहिल्यांदा स्वतः मागचं चाक काढलं! पंक्चर नव्हतं, सरावासाठीच. टायरची कड रिमवरून सुटेना म्हणून अर्धा तास झटले. मग लक्षात आलं की लिव्हर लावलेल्या जागेच्या समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून ठेवायची असते. तेवढं केल्यावर लिव्हर सहज फिरला. ट्यूबला मुद्दाम टाचणी टोचली, पाण्याच्या टबात बुडबुडे बघितले आणि ठिगळ मारलं. सोल्यूशन वाळेपर्यंत घड्याळ लावून बसले होते. आज सकाळी हवा कालच्याएवढीच.

कानस_आणि_सोल्यूशन

वा! सरावाला टोचलेली ट्यूबच पुढे रस्त्यावर उपयोगी पडते. ठिगळ मारलेली ट्यूब पहिले दोन-तीन दिवस रोज गेज लावून बघा, तेही सकाळी टायर गार असताना. चालून आल्यावर दाब वाढलेला असतो, तो खरा धरू नका. ट्यूबलेसवाल्यांसाठीही एक: आतून दुरुस्त केलेला टायर पहिले चोवीस तास ताशी ८० किलोमीटरच्या पुढे नेऊ नका.

लांबचा_पल्ला

हा धागा वाचून चैन पडेना, म्हणून आज माझा मागचा टायर उतरवून घेतला. आठ महिन्यांपूर्वीचा एक प्लग आणि पावसाळ्याच्या आधीचा एक. हवा दोन्हीतून जात नव्हती, महिन्याला एखादा पीएसआय कमी व्हायचा, तो तर कुठल्याही टायरात होतो.

नवा प्लग आतून व्यवस्थित, दोरी फुगून घट्ट बसलेली. जुन्या प्लगभोवतीचं अस्तर रुपयाएवढ्या गोलात किंचित उचललेलं. अंगठ्याने दाबलं की खाली जायचं, सोडलं की वर यायचं. प्लग उपटून काढला तर बाहेरच्या टोकाला ओल होती आणि भोकाच्या कडेला तांबूस डाग. तारा गंजायला लागल्या होत्या. कानस_आणि_सोल्यूशन, हा फोटो तुम्हाला पाठवलाय. नव्या प्लगच्या जागी मशरूम मारून आणि जुन्याला घासून पॅच लावून चालेल का?

कानस_आणि_सोल्यूशन

फोटो बघितला. अस्तर उचललंय म्हणजे हवा थरांत शिरली आहे, त्यावर पॅच मारला तरी खालचे थर जुळणार नाहीत. टायर बदला. आणि बदलेपर्यंत मागे कुणाला बसवू नका.

लांबचा_पल्ला

उद्याच बदलतो. रानवाटा, धागा काढल्याबद्दल तुमचे आभार.